३०, ४३ की १६? कम्युनिटी कॉलेजचे आकडे वाचताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापुरात शिक्षणशास्त्रात पीएच.डी.ला नाव नोंदवलंय, विषय विद्यार्थ्यांच्या गळतीचा, आणि तुलनेसाठी म्हणून अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांवरचं संशोधन वाचायला घेतलंत. एक अहवाल म्हणतो, तीन वर्षांत सुमारे ३० टक्के मुलं पदवी किंवा प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतात. दुसरा म्हणतो, सहा वर्षांत ४३ टक्क्यांच्या आसपास. तिसरा म्हणतो, बॅचलर्सपर्यंत, म्हणजे विद्यापीठाच्या चार वर्षांच्या पदवीपर्यंत, पोचतात फक्त १६ टक्के. यातला खरा आकडा कुठला, हे विद्यार्थी आहेत तरी कोण, आणि या सगळ्यातून तुमच्या कामाचं काय?

तिन्ही आकडे खरे आहेत. फक्त प्रत्येकाच्या छेदात वेगळी माणसं बसलेली आहेत.

मी कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्को बेच्या परिसरातल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या संशोधन विभागात सतरा वर्षं काम करते आहे. विभाग म्हणजे तीन माणसं आणि सर्व्हरवरचे लांबच लांब तक्ते. कोण आलं, कुठला विषय घेतला, पास झालं का, पुढच्या सत्राला परत आलं का, एवढं मोजायचं आणि प्राचार्यांपासून राज्याच्या कचेरीपर्यंत ज्याला हवं त्याला काढून द्यायचं. उत्तर लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

आधी संस्थेबद्दल दोन शब्द. पहिलं सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज इलिनॉयमधल्या जोलिएट गावी १९०१ साली सहा विद्यार्थ्यांवर सुरू झालं. विद्यापीठाची पहिली दोन वर्षं मुलांना घरी राहून गावातच करता यावीत, ही कल्पना. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाच्या अहवालाने ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ केलं. आज देशात अशी हजारावर कॉलेजं आहेत, एकट्या कॅलिफोर्नियात ११६. इथे मेरिट लिस्ट लागत नाही, कट-ऑफ नसतो, डोनेशन नसतं. हायस्कूल झालेलं असो वा नुसती अठरा पूर्ण असोत, फॉर्म भरला की प्रवेश. राज्याच्या रहिवाशाला युनिटमागे ४६ डॉलर फी पडते, म्हणजे तीन युनिटच्या विषयाला १३८. त्याच विषयाचं पुस्तक कधीकधी त्याहून महाग असतं. त्याकडे पुढे येते.

आता तो ३० टक्क्यांचा आकडा. १९९० मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने कायदा केला की कॉलेजांनी आपला पदवी-निकाल जाहीर करावा. मूळ चिंता खेळाडूंची होती. बास्केटबॉल आणि फुटबॉलवर विद्यापीठं पैसा कमावतात, पण त्या मुलांच्या हाती पदवी पडते का, हे कोणी विचारत नव्हतं. त्या चिंतेतून जे माप तयार झालं तेच पुढे सगळ्यांना लागलं. ते माप असं: शरद सत्रात, म्हणजे ऑगस्टच्या सुमारास आलेला, आयुष्यात पहिल्यांदाच कॉलेजात पाऊल टाकणारा, पूर्णवेळ शिकणारा आणि पदवी घ्यायचीय असं सांगणारा विद्यार्थीच गटात धरायचा. दोन वर्षांच्या पदवीला दीडपट, म्हणजे तीन वर्षं द्यायची.

आमच्याकडे येणारे साधारण दोन तृतीयांश विद्यार्थी अर्धवेळ असतात. जानेवारीत येणारे असतात. दहा वर्षांपूर्वी दुसऱ्या कॉलेजात एक विषय घेऊन ठेवलेले असतात. हे सगळे त्या ३० टक्क्यांच्या बाहेर, वरही नाहीत आणि खालीही नाहीत. उलट एखादी हुशार मुलगी दीड वर्षात क्रेडिट जमवून, आमची पदवी न घेता थेट विद्यापीठात गेली, तर ती आमच्या ‘पदवीधरां’त मोजली जात नाही. तिची नोंद वेगळ्या रकान्यात जाते, आणि वर्तमानपत्रं तो रकाना छापत नाहीत.

४३ चा आकडा नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाउसचा. १९९३ साली निघालेली ही ना-नफा संस्था. देशातली बहुतेक कॉलेजं आपल्या नोंदी तिथे पाठवतात, त्यामुळे विद्यार्थी एका दारातून बाहेर पडून दुसऱ्या दारातून आत गेला तरी दिसतो. अर्धवेळ विद्यार्थीही धरले जातात, सहा वर्षं दिली जातात, आणि पदवी कुठूनही घेतली तरी चालते. माप जरा माणसाच्या अंगाला बसेल असं केलं तर आकडा वर गेला, त्यात नवल नाही.

१६ चा आकडा मात्र मला बोचतो. कम्युनिटी कॉलेजात येणारे सुमारे ८० टक्के विद्यार्थी सांगतात की आम्हाला बॅचलर्स करायचंय. प्रत्यक्षात आलेल्या सगळ्यांपैकी एक तृतीयांशाच्या आसपास विद्यापीठात बदली घेतात आणि बदली घेतलेल्यांपैकी निम्मे सहा वर्षांच्या आत बॅचलर्स घेतात. गुणाकार केला की १६. इथे मापाला दोष देऊन सुटता येत नाही.

म्हणून कुठलाही आकडा हाती आला की आधी विचारा: छेदात कोण आहे? आणि कोण बसायच्या आधीच उठून गेलं? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण त्याचं उत्तर अहवालात कधीच नसतं. आमच्याकडे सत्राचा साधारण पाचवा हिस्सा उलटला की ‘सेन्सस डे’ येतो. त्या दिवशी पटावर जो आहे तो मोजायचा. आमचा बराचसा पैसा त्या मोजणीवर ठरतो. त्याच्या आधी ज्याने नाव काढलं त्याच्या गुणपत्रिकेवर काही खूण राहत नाही. नंतर काढलं तर ‘डब्ल्यू’, म्हणजे विषय सोडल्याचा शेरा, पडतो. म्हणजे पहिल्या पंधरवड्यात बेबीसिटर मिळाली नाही म्हणून गेलेली आई आमच्या यशाच्या टक्केवारीत नापास होत नाही. ती आलीच नव्हती असं होतं. नव्या विश्लेषकाला मी पहिल्या दिवशी हेच सांगते.

अलीकडे उलटाही प्रकार सुरू झालाय. महाराष्ट्रात २०११ च्या पटपडताळणीत शाळांच्या पटावर बोगस मुलं सापडली होती, आठवत असेल. तिथे शाळांनी ती कागदावर जन्माला घातली होती. इथे महामारीनंतर टोळ्या ऑनलाइन वर्गांना खोटी नावं घालून सरकारी आर्थिक मदत लाटू लागल्या. त्यामुळे विद्यार्थी का गेला हे विचारण्याआधी तो होता का, हे बघावं लागतं. २०२० नंतरच्या कॅलिफोर्नियाच्या पटसंख्येवर कोणी घाईने निष्कर्ष काढला असेल तर तो पेपर बाजूला ठेवा.

आता हे विद्यार्थी कोण. संध्याकाळी साडेसहाला आमच्या पार्किंगमध्ये उभं राहिलात तर तक्त्यापेक्षा जास्त कळेल. गॅरेजच्या गणवेशात आलेला तिशीचा माणूस, गाडीतच बरिटो खाऊन वर्गात जाणारा. मागच्या सीटवर गृहपाठ करणारं मूल घेऊन आलेली आई. देशभरात पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी साधारण पाचातला एक स्वतः आईबाप आहे, आणि त्यांची मोठी संख्या आमच्यासारख्या कॉलेजांत आहे. २०२० च्या राष्ट्रीय पाहणीत पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी २३ टक्क्यांच्या आसपास विद्यार्थ्यांना पुरेसं अन्न मिळण्याची खात्री नव्हती. आमच्या ग्रंथालयाच्या शेजारच्या खोलीत शिधा मिळतो; मंगळवारी तिथे रांग असते. आणि याच कॉलेजात दुपारी हायस्कूलची सोळा वर्षांची मुलं कॅल्क्युलससाठी येतात. देशात आता कम्युनिटी कॉलेजच्या पटावरचा साधारण पाचवा विद्यार्थी असा हायस्कूलचा असतो. त्याची आणि गॅरेजवाल्याची सरासरी काढून काय हाती लागणार?

‘एशियन’ हा रकाना घ्या. आमच्या भागात त्यात निर्वासित म्हणून आलेल्या व्हिएतनामी कुटुंबांतली मुलं येतात आणि नवऱ्यामागून एच-४ व्हिसावर आलेल्या पुण्या-नाशिकच्या बायकाही येतात. मी त्यातलीच. सांगलीची, शिवाजी विद्यापीठाची संख्याशास्त्रातली एम.एस्सी. २००४ साली इथे आले तेव्हा एच-४ वर नोकरी करायची परवानगीच नव्हती (काही जणींना ती २०१५ पासून मिळू लागली). घरात बसून वेड लागेल म्हणून जवळच्या कम्युनिटी कॉलेजात डेटाबेसचा एक आणि इंग्रजी लेखनाचा एक असे दोन विषय घेतले. फॉर्मवर ‘उद्दिष्ट’ विचारलं होतं. पर्याय नीट कळले नाहीत म्हणून पहिल्यावर टिक केली: पदवी घेऊन विद्यापीठात बदली. आधीचं शिक्षण कुठल्या रकान्यात लिहायचं ते समजेना, मोकळं ठेवलं. पुढच्या सत्रात एक विषय घेतला आणि मग मुलगी झाली. ग्रीन कार्ड आल्यावर त्या तीन विषयांच्या जोरावर मला पहिली नोकरी लागली. पण तक्त्यात मी कोण? पदवीची इच्छा असलेली, पहिल्यांदा कॉलेजात आलेली, एका वर्षात गळालेली.

मिशिगन विद्यापीठाच्या पीटर रायली बार यांनी कॅलिफोर्नियाच्या नोंदी चाळून दाखवलं की असे विद्यार्थी थोडेथोडके नाहीत. दोन-तीन नेमके विषय घेतात, चांगल्या गुणांनी पास होतात आणि निघून जातात. कामाचं कौशल्य मिळालेलं असतं. त्यांना इथे ‘स्किल्स बिल्डर’ म्हणतात. गळतीवरचा कुठलाही अभ्यास त्यांना वेगळं काढतो का, ते बघा.

संशोधनातली जुनी भांडणं माहीत असल्याशिवाय नवे पेपर कळत नाहीत, म्हणून थोडं मागे जाते. १९६० मध्ये समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी आमच्याच शेजारच्या सॅन होजेच्या कॉलेजचा अभ्यास करून एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं, ही कॉलेजं मोठी स्वप्नं घेऊन आलेल्या मुलांना हळूहळू निववतात. कोणी ‘तुला जमणार नाही’ असं तोंडावर म्हणत नाही. प्रवेशचाचणी होते, समुपदेशक भेटतो, करिअर-मार्गदर्शनाचा वर्ग होतो, फाइल जाड होत जाते, आणि शेवटी मुलगा स्वतःच म्हणतो की इंजिनिअरिंग राहू दे, टेक्निशियन बरा. ‘निववणं’ ही कल्पना त्यांनी अर्व्हिंग गॉफमनकडून उचलली, आणि गॉफमन ठकांबद्दल लिहीत होता: लुबाडलेल्या गिऱ्हाइकाने आरडाओरडा करू नये म्हणून टोळीतला एक जण मागे थांबून त्याची समजूत घालतो. समुपदेशकाला ही उपमा किती झोंबली असेल याची कल्पना करा. आमच्या कॉलेजात आजही झोंबते.

पुढे जेरोम कॅराबेल आणि स्टीव्हन ब्रिंट यांनी हाच धागा ओढला: गरिबांची मुलं विद्यापीठाकडून व्यवसायशिक्षणाकडे वळवली जातात. हा आरोप खरा की खोटा हे तपासणं अवघड, कारण कम्युनिटी कॉलेजात जाणारा आणि थेट विद्यापीठात जाणारा हे मुळातच वेगळ्या घरांतले. दोघांची तुलना म्हणजे खानावळीत जेवणाऱ्याची आणि घरी जेवणाऱ्याची तब्येत मोजून खानावळीला दोष देणं. सिसिलिया राउझ यांनी १९९५ मध्ये युक्ती केली. घरापासून कॉलेज किती लांब आहे, हे मुलाच्या हुशारीवर ठरत नाही; ते अंतरच त्यांनी मोजपट्टी म्हणून वापरलं. एस.टी.चा थांबा गावात असला की मुलगी अकरावीला जाते आणि नसला की तिचं शिक्षण थांबतं, हे आपल्याकडे कोणालाही सांगावं लागत नाही, तोच तर्क. त्यांना दिसलं की कम्युनिटी कॉलेजमुळे लोकांची एकूण शिक्षणाची वर्षं वाढतात आणि बॅचलर्सच्या शक्यतेवर मोठा वाईट परिणाम दिसत नाही. २०२२ मध्ये जॅक माउंटजॉय यांनी टेक्सासच्या नोंदींवर हेच आणखी बारकाईने केलं. जो एरवी कॉलेजलाच गेला नसता त्याचा फायदा होतो. जो एरवी थेट विद्यापीठात गेला असता, तो इकडे वळला तर त्याची बॅचलर्सची शक्यता घटते.

म्हणजे दोन्ही पक्ष बरोबर होते, पण ते वेगवेगळ्या विद्यार्थ्यांबद्दल बोलत होते. पुन्हा छेद.

सिद्धांतांचंही तसंच. गळतीवरच्या प्रत्येक प्रबंधात विन्सेंट टिंटो यांचं १९७५ चं प्रारूप असतं: विद्यार्थी कॉलेजच्या जीवनात मिसळला तर टिकतो. वसतिगृह, मित्र, क्लब यांच्या जगात ते शोभतं. १९८५ मध्ये बीन आणि मेट्झनर यांनी सांगितलं की घरून येऊन-जाऊन, नोकरी सांभाळून शिकणाऱ्याच्या बाबतीत बाहेरचं पारडं जड असतं: कामाचे तास, मुलं, पैसा. तुमच्या प्रबंधात टिंटो घालायलाच लागेल, मार्गदर्शक सोडणार नाहीत. पण बीन-मेट्झनर वाचल्याशिवाय प्रश्नावली करू नका. आणि लॉरा रेंडोन यांचा १९९४ चा लेख वाचा. त्या स्वतः टेक्सासच्या सीमाभागातून, कम्युनिटी कॉलेजमधून वर आल्या. त्यांना मुलाखतींत दिसलं की ज्या मुलांना आपण इथले नाही असं वाटत असतं, त्यांना कोणीतरी संस्थेतल्या माणसाने आपणहून जवळ घेऊन ‘तुला येतंय’ म्हणणं फार मोठं ठरतं. मुलाने जाऊन मिसळावं ही अपेक्षा उलटी करून त्यांनी जबाबदारी संस्थेवर टाकली.

आता ज्या शोधाने माझं स्वतःचं मत बदललं तिकडे येते. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात १९९६ पासून कम्युनिटी कॉलेज रिसर्च सेंटर आहे. थॉमस बेली यांनी ते उभं केलं. कोलंबिया म्हणजे बाबासाहेबांचं, म्हणून आपल्याकडे नाव घरोघरी आहे. २०१० मध्ये बेली आणि सहकाऱ्यांनी ‘पूर्वतयारी’ वर्गांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हा पद्धत अशी होती की प्रवेशानंतर संगणकावर चाचणी द्यायची. कमी गुण पडले की गणितात एक, दोन किंवा तीन पायऱ्या खाली बसवायचं. त्या वर्गांची क्रेडिट पदवीला धरत नाहीत. अभ्यासात दिसलं की गणितात खाली बसवलेल्यांपैकी फक्त ३३ टक्क्यांनी त्या पायऱ्या पूर्ण केल्या, वाचनात ४६ टक्क्यांनी. त्याहून धक्का देणारं पुढे होतं: नापास होऊन थांबलेल्यांपेक्षा, पुढच्या वर्गात नावच न नोंदवलेले जास्त होते. काही जण तर पहिल्याच वर्गाला आले नाहीत, आणि काही जण पास होऊनही पुढची पायरी चढले नाहीत.

आमच्याकडची एक ओळ दाखवते, तपशील ओळखू येणार नाहीत इतके बदलून. शरद: अंकगणित, ए. वसंत: प्राथमिक बीजगणित, बी. पुढचं शरद: रिकामं. वसंत: रिकामं. आणि मग काहीच नाही. एकदाही नापास नाही. हा मुलगा आम्ही गमावला कुठल्या वर्गात? कुठल्याच नाही. मे महिन्याचा शेवट आणि ऑगस्टची सुरुवात यांच्या मध्ये कुठेतरी.

कॅलिफोर्नियातल्या केटी हर्न आणि मायरा स्नेल या दोन प्राध्यापिकांनी हाच हिशोब फळ्यावर मांडून सहकाऱ्यांना दाखवायला सुरुवात केली. मी माझे गोल आकडे घेते. समजा तीन पायऱ्या खालून सुरुवात, म्हणजे कॉलेज-गणित धरून चार वर्ग. प्रत्येक वर्गात ७० टक्के पास होतात आणि पास झालेल्यांपैकी ८० टक्के पुढच्या वर्गात नाव नोंदवतात. दोन्ही आकडे ऐकायला बरे वाटतात. शंभरातून शेवटी उरतात बारा. आता समजा शिक्षक इतके उत्तम की एकही जण नापास होत नाही, फक्त वर्गांमधली गळती तशीच. तरी उरतात ५१. म्हणजे शिकवणं जगात सर्वोत्तम केलं तरी निम्मे हातचे गेले. पायऱ्याच कमी करणं हा एकच उपाय राहतो.

त्यात चाचणीही कच्ची निघाली. ज्युडिथ स्कॉट-क्लेटन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गणितात साधारण चारातला एक आणि इंग्रजीत तिनातला एक विद्यार्थी अगदीच चुकीच्या पातळीवर बसवला जात होता, आणि हायस्कूलचे गुण पाहिले असते तर चूक बरीच कमी झाली असती. मी त्या काळात या चाचणीची बाजू घेऊन आमच्या कॉलेजच्या प्राध्यापकांच्या सिनेटपुढे सादरीकरण केलं होतं. तक्ते माझेच होते आणि बरोबर होते. ज्यांना खाली बसवलं त्यांना वर बसवलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. ‘कॉम्पास’ नावाची एक मोठी चाचणी २०१६ मध्ये बंदच झाली. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा करून हायस्कूलचे गुण प्रमाण मानले आणि २०१९ च्या शरदापासून बहुतेक विद्यार्थी थेट कॉलेज-पातळीच्या वर्गात बसू लागले. वर्गाचा निकाल खाली आला आणि कॉलेज-गणित पास होणाऱ्यांची संख्या वर गेली. दोन्ही एकदमच. गणिताचे प्राध्यापक पहिला आकडा दाखवतात, राज्यकर्ते दुसरा. नापास झालेल्या मुलांचं काय, हा प्राध्यापकांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला अजून नीट उत्तर दिलेलं नाही, असं माझं मत.

गळती सांध्यांतून, म्हणजे एक वर्ग संपून दुसरा सुरू होईपर्यंतच्या फटीतून होते हे एकदा पटलं की न्यूयॉर्कचा ‘असॅप’ कार्यक्रम इतका का गाजला ते कळतं. न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठाने २००७ मध्ये तो आपल्या कम्युनिटी कॉलेजांत सुरू केला. एमडीआरसी या संस्थेने चिठ्ठ्या टाकून विद्यार्थी दोन गटांत विभागले, त्यामुळे ‘हुशार तिकडे गेले’ हा आक्षेप उरला नाही. तीन वर्षांत पदवी घेणारे एका गटात २२ टक्के, असॅपच्या गटात ४०. या क्षेत्रात एवढा फरक क्वचित दिसतो. केलं काय? पूर्णवेळ शिकायची अट घातली. मदत वजा जाता उरलेली फी माफ केली. पुस्तकं दिली, ते १३८ डॉलरच्या विषयाचं महाग पुस्तक आठवा. दर महिन्याला मेट्रोकार्ड, म्हणजे मेट्रो-बसचा पास दिला, पण तो घ्यायला सल्लागाराकडे यावं लागे. मला सगळ्यात आवडते ती ही गोष्ट. कार्ड घ्यायला आलेला मुलगा पाच मिनिटं बसतो, आणि पुढच्या सत्राचं नाव नोंदवलंस का, हे विचारलं जातं. सल्लागाराकडे ६० ते ८० विद्यार्थी; एरवी एकामागे सहाशेच्या वर असतात. ओहायोतल्या तीन कॉलेजांनी हे उचललं, तिथेही पदवीधरांचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. विद्यार्थ्यामागे खर्च वाढतो, पण पदवीमागचा खर्च मूळ प्रयोगात कमी निघाला. तरी सगळीकडे का होत नाही? कारण अंदाजपत्रक विद्यार्थ्यामागे मंजूर होतं. आमच्या एका वरिष्ठांनी मला सांगितलं होतं, “मेट्रोकार्डचं कळलं, पण आपल्याकडे मेट्रो कुठाय?” पेट्रोलचं कार्ड चाललं असतं, हे मला घरी गेल्यावर सुचलं.

राहिला सर्वांत रुंद सांधा: कॉलेज ते विद्यापीठ. अमेरिकेच्या केंद्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये अंदाज दिला की २००४ ते २००९ या काळात बदली घेतलेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाटेत गेली. (हा ४३ वेगळा, वरचा वेगळा, गल्लत करू नका.) इथे आपला डिप्लोमा आठवतो. महाराष्ट्रात दहावीनंतर तीन वर्षं पॉलिटेक्निक केलेला मुलगा थेट द्वितीय वर्षाला बसतो. पहिलं वर्ष माफ, एकगठ्ठा. गणितात त्याची दमछाक होते ते वेगळं, पण ‘तुझा अमुक विषय आमच्या तमुक विषयाशी जुळत नाही’ म्हणून त्याला कोणी विषयागणिक सोलत नाही. इथे प्रत्येक विषय वेगळा तोलला जातो, आणि विद्यापीठागणिक काटा बदलतो. कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये बदलीसाठी खास पदवी काढून हे थोडं बांधून घेतलं. फ्लोरिडात ओरलँडोचं व्हॅलेन्सिया कॉलेज शेजारच्या विद्यापीठाशी करार करून आपल्या पदवीधरांना तिथल्या प्रवेशाची हमी देतं. उत्तम कम्युनिटी कॉलेजला दिला जाणारा ॲस्पेन पुरस्कार २०११ मध्ये पहिल्यांदा दिला गेला, तो त्याच कॉलेजला मिळाला.

तुमच्या तुलनेसाठी एक सूचना. भारतात २०१३ च्या सुमारास युजीसीच्या योजनेतून ‘कम्युनिटी कॉलेज’ नावाचे अभ्यासक्रम निघाले. नाव सारखं आहे म्हणून त्यांच्याशी तुलना करू नका. आमच्या विद्यार्थ्यांचे खरे भाऊबंद तुम्हाला नाशिकच्या मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रांवर, मुंबईच्या रात्र-महाविद्यालयांत आणि थेट द्वितीय वर्षाच्या रांगेत भेटतील. गळती मोजताना नापासांची यादी मागू नका. पास होऊन परत न आलेल्यांची मागा. बहुतेक कचेऱ्यांत ती यादी केलेलीच नसते, तुम्हाला दोन याद्या शेजारी ठेवून बोटाने काढावी लागेल.

आणि फोन करा. ‘का सोडलंत?’ असं विचारू नका. त्याला सगळे ‘पैशाची अडचण’ म्हणतात आणि फोन ठेवतात. विचारा, त्या आठवड्यात काय झालं. आम्ही एका उन्हाळ्यात असे फोन केले. बहिणीचं बाळंतपण, बदललेली शिफ्ट, तीस डॉलरचा जुना दंड भरला नाही म्हणून अडलेली नोंदणी, अशी उत्तरं आली. एका गृहस्थांनी मात्र मलाच झापलं: “सोडलं? कोण म्हणतं? मुलाचं ऑपरेशन होतं. या फॉलला येतोय मी.” ते आले, दोन विषय घेतले, दोन्ही पास झाले. त्या वर्षीच्या अहवालात ते गळालेल्यांतच आहेत. तोवर अहवाल राज्याच्या कचेरीत पोचला होता.